पुढच्यासाठी लाकडं

मेर्वीने दोरीवरचा तंबू उतरवला. त्याला अजून गेल्या शरदातल्या धुराचा वास येत होता. तिचे वडील पायरीवर बसून त्याची घडी कशी घालायची ते सांगू लागले. याच तंबूची घडी ती चाळीस वर्षं घालत आली होती. तिने मान डोलावली आणि त्यांनी सांगितली तशी घडी घातली.

जूनचा पहिला शनिवार होता. ओउलू शहरातून तीन तास गाडी चालवत ती आली होती ती एकच गोष्ट सांगायला: यंदा तळ्यावर जायचं नाही. डॉक्टरीणबाई एप्रिलमध्ये स्पष्ट बोलल्या होत्या, जिथे रुग्णवाहिका पोचत नाही तिथे यांना नेऊ नका. बाबांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि मग डॉक्टरीणबाईंनाच त्या तळ्यात मासा कुठे गळाला लागतो ते समजावून सांगितलं. मेर्वी मात्र डॉक्टरीणबाईंचं ऐकून घाबरली होती. औषधांच्या दुकानात ती कामाला होती. तिथे तिने रजेचा अर्जच केला नाही.

सकाळच्या कॉफीला सांगू, असं तिने ठरवलं होतं. मग जेवण झाल्यावर. आता तिसऱ्या कॉफीची वेळ झाली होती.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला होता. बाबांचं बोट तळ्यावरून पलीकडे गेलं. तासभर वल्हवायचं, ते मेर्वीने. सुकाणू धरायचं, ते त्यांनी. तीन रात्री राहायचं. कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे त्यांनी यादी केली होती: कॉफी, मीठ, लोणी, काळा पाव, गांडुळं. डासांची जाळी एकच लिहिली होती. दुसरी कुठे, असं तिने विचारलं, तर म्हणाले, त्यांचं रक्त आता इतकं शिळं झालंय की डास नुसता वास घेऊन परत जातात.

मग ते उठले, भिंतीला धरत पडवीत गेले आणि बारीक फोडलेल्या लाकडांची मोळी आणून त्यांनी पिशवीत कोंबली. वर पेटवणाला भूर्जाच्या सालीची गुंडाळी ठेवली. एवढ्यानेही त्यांना दम लागला.

"जंगलात लाकडं घेऊन कोण जातं, बाबा?"

"ज्याने मागच्या खेपेला ठेवली नाहीत, तो."

तळ्याकाठी तीन भिंतींचा निवारा होता. कुणीही यावं, शेकोटी करावी, राहावं. निघताना पुढच्यासाठी लाकूड फोडून पेटीत भरावं. गेल्या शरदात बाबांच्या छातीत कळ आली आणि दोघं पेटी रिकामी टाकून निघाली. तेव्हापासून त्यांनी तेच धरून ठेवलं होतं. भिजलेला, गारठलेला कुणी येईल, झाकण उघडेल आणि आत काही नसेल. हिवाळाभर फोनवर हेच. मार्चमध्ये त्यांनी विचारलं, येशील ना? तेव्हा ती हो म्हणून गेली होती. विसरतील, असं तिला वाटलं होतं.

"रजा पक्की ना?" आता त्यांनी विचारलं. नकाशावरून नजर न उचलता.

"पक्की."

त्यांनी मान डोलावली. थोड्या वेळाने म्हणाले, "पड जा जरा. डोळे बघ कसे झालेत."

ती पडली, आणि उठली तोवर त्यांनी भांडी धुऊन ठेवली होती.

रविवारी सकाळी कॉफी निवली तरी बाबा बाहेर आले नाहीत. ती खोलीत गेली. त्यांना जाऊन काही तास झाले असावेत.

डॉक्टर येऊन गेले. कागद झाले. बाबांना न्यायला गाडी दुपारनंतर येणार होती. शेतापलीकडचा आयमो आला, ज्याची होडी बाबा तळ्यावर नेत असत. बाबांच्या वयाचाच. तो आधी खोलीत गेला, टोपी काढून उभा राहिला आणि आत्म्याला वाट मिळावी म्हणून, रीतीप्रमाणे, त्याने खिडकी उघडली. मग स्वयंपाकघरात येऊन बसला. मेर्वीने त्याच्यापुढे कप ठेवला.

काहीतरी बोलायला हवं म्हणून ती म्हणाली, "लाकडांचं तेवढं राहून गेलं त्यांचं."

"कसली लाकडं?"

"निवाऱ्यातली. आयमोकाका, पेटी रिकामी राहिली म्हणून केवढं जिवाला लावून घेतलं होतं त्यांनी."

आयमोने कप खाली ठेवला. "पेटी भरलेली आहे की. तळ्यावरचं बर्फ वितळलं त्याच आठवड्यात तुझ्या बापाने, ओइवाने, मला धाडलं. दिवसभर फोडत होतो. झाकण बसेना, एवढी भरून आलोय."

"त्यांना माहीत होतं?"

"माहीत म्हणजे? दोनदा विचारून खात्री करून घेतली पठ्ठ्याने. आणि वर मला म्हणाला, मेर्वीकडे बोलू नकोस."

आयमो खिडकीबाहेर बघत होता.

"लाकडाचं निमित्त काढल्याशिवाय 'चल माझ्याबरोबर' असं कसं म्हणणार होता तो तुला," तो म्हणाला. "आमच्या तोंडून निघतं का तसलं?"

मेर्वी उठली. खोलीत जाऊन तिने खुर्ची पलंगाजवळ ओढली. आठवडाभराचा, सगळ्या हिवाळ्याचा शिणवटा एकदम अंगावर आला. ती पुटपुटली नाही. बाहेर आयमोला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलली.

"मी रजा मागितलीच नव्हती, बाबा. आणि मागणारही नव्हते."