नऊ नंबरचा पाना

काचेच्या पेटीपर्यंत आता चारच माणसं उरली होती आणि मेकॅनिकचे पाय पुढे पडेनात. याआधी दोनदा तो रांगेतून सटकला होता. दोन्ही वेळा बायकोने दंडाला धरून परत आणलं होतं. "तुम्हाला दादा दादा म्हणणारी पाच पोरं होती ती," ती म्हणाली, "निदान दोन फुलं तरी ठेवा!"

तिला काय ठाऊक! बावीस वर्षं त्याने ही गोष्ट पोटात ठेवली होती.

समोर काळ्या दगडावर पाच नावं कोरलेली होती. तिकडे त्याची नजर जात नव्हती. गेल्या उन्हाळ्यात डोंगरावरचं बर्फ वितळलं आणि त्या पाच जणांच्या विमानाचे अवशेष सापडले, थेट इंजिनासकट. त्यांत जे जे मिळालं ते पेटीत मांडलं होतं. त्यात एक पाना असेल आणि त्यावर नऊचा आकडा ठोकलेला असेल, हीच त्याची भीती होती.

त्यांच्या कामाचा एक नियम होता. हत्यारांच्या फळ्यावर प्रत्येक हत्याराची आकृती लाल रंगात काढलेली असे. उड्डाणाआधी एक जरी जागा रिकामी दिसली तरी विमान जमिनीवरच. हत्यार सापडेपर्यंत कुणाच्या बापाचंही ऐकायचं नाही, कारण इंजिनात राहिलेला पाना माणसं मारतो. नव्या पोरांना कान धरून हे शिकवणारा तोच. आणि त्या सकाळी त्याच्याच फळ्यावर नऊ नंबरच्या पान्याची जागा रिकामी होती. त्या महिन्यात त्याने दोन विमानं अशीच अडवली होती. साहेब डोक्यावर बसला होता, बढतीची यादी लागायची होती. त्याने घरच्या पिशवीतला तसाच एक पाना काढला, खिळ्याला अडकवला आणि सही ठोकली. तासाभरात विमान डोंगरावर आदळलं.

चौकशीत ढगांवर खापर फुटलं. दुपारी त्याच डोंगरावर लख्ख ऊन पडलं होतं. दोन तास उशिरा निघते तर वाचते, असं तेव्हा सगळेच हळहळले. मेकॅनिकचा मात्र त्यावर काडीचाही विश्वास बसला नाही. इंजिन न बघताच ठरवलेलं कारण ते! चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

पुढचा माणूस बाजूला झाला.

पेटीत एक हातमोजा होता. फुटक्या काचेचं घड्याळ होतं, चष्म्याची डबी होती, इंजिनाचा गंजका तुकडा होता. पाना नव्हता. त्याने काचेवर बोट ठेवून एकेक वस्तू पुन्हा मोजली. शेजारच्या कागदावर लिहिलं होतं की सगळं इंजिन उघडून तपासलं, ते शेवटपर्यंत नीट चालत होतं. त्याने ती ओळ तीनदा वाचली. बावीस वर्षांची भीती अंगातून उतरली आणि भर गर्दीत त्याला रडू फुटलं.

"दादा, ओळखलंत का?"

पायलटची बायको होती. केस पार पांढरे झालेले. तिने पर्समधून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. पाना होता. त्यावर नऊचा आकडा.

"आदल्या संध्याकाळी पाळण्याचे नट आवळायला यांनी आणला होता, तुम्हाला न विचारता. सकाळी घाईत टेबलावरच राहिला. कधीतरी तुम्हाला द्यायचा होता, पण तुम्ही कुठे भेटताय!"

मेकॅनिक हसला, अगदी मोकळं हसला. "म्हणजे हा तुमच्या घरी होता! वहिनी, काय सांगू तुम्हाला, आज तुम्ही मला..."

"सकाळी हा टेबलावर दिसला तेव्हा मी तर खूश झाले होते," ती म्हणाली. "हे रात्रीच म्हणाले होते, हा न्यायचा विसरलो तर दादा विमान हलू देणार नाही, आधी तो न्यायला घरी माणूस पाठवेल." तिने पाना त्याच्या तळहातावर ठेवला. "तान्ह्या लेकीला घेऊन मी दुपारपर्यंत दारात उभी होते, दादा. तुमचा माणूस आलाच कसा नाही?"