कस्टर्डचाच पाहिजे

"कस्टर्डचा हा घाणा संपला बाळ, पुरणाचा घे," असं म्हणत केकवाल्याने लाल चवळीचं गोड पुरण भरलेला गरम गोल केक कागदात गुंडाळून पुढे केला.

"नको," यूथोंग म्हणाली.

पीयुनच्या हातातली भाजीची पिशवी घसरली. पाच वर्षांची ही पोर गेल्या हिवाळ्यात सरकारी बालसंगोपन केंद्रातून तिच्याकडे सांभाळायला आली, तेव्हापासून हा शब्द तिच्या तोंडून कधी निघाला नव्हता. भात की शेवया, तर "काहीही चालेल". निळा फ्रॉक की लाल, तर "काहीही चालेल". सूप सांडलं तर स्वतःच पुसायची आणि भिंतीला पाठ लावून उभी राहायची, मार खायच्या तयारीत. एकदा बोट भाजलं तर हात पाठीमागे लपवला. जेवताना डाव्या हाताने घास घ्यायला लागली तेव्हा कुठे पीयुनला कळलं. रडणं नाही, हट्ट नाही. शेजारणी म्हणायच्या, "काय शहाणी पोर मिळालीय गं तुला! नशीब काढलंस." पीयुनला त्या शहाणपणाचीच धास्ती वाटायची.

"काय म्हणालीस?" तिने जपून विचारलं.

"नको. मला कस्टर्डचा पाहिजे."

"अगं, पण संपला म्हणतायत ना काका..."

"कस्टर्डचाच पाहिजे!"

आणि चियायी शहराच्या सकाळच्या भरबाजारात, मासळीच्या पाण्याने ओल्या झालेल्या फरशीवर यूथोंग आडवी झाली. टाचा आपटल्या. मग तिने असा काही गळा काढला, की समोरच्या मासेवालीचा सुरा वरच्या वर थांबला.

पीयुनने घाईघाईने नवऱ्याला फोन लावला. "म्हाताऱ्या, आहेस तिथून ये! पोरगी लोळतेय!"

"पडली? लागलं का फार?"

"पडली नाही रे, लोळतेय! हट्टाने! ऐक," म्हणून तिने फोन पोरीच्या तोंडाजवळ धरला.

पलीकडे चिनफाने ते रडणं ऐकलं. मग म्हणाला, "छाती दणकट आहे की! गप्प करू नकोस हां तिला. आलोच मी."

तोवर माणसं गोळा झाली होती. "आजीने लाडावून ठेवलीय." "आमच्या वेळी एक ठेवून दिली असती." "पोर रडतेय आणि बाई हसतेय बघा!" पीयुनला खरंच हसू आवरत नव्हतं. डोळ्यांतून पाणी येत होतं ते वेगळंच.

एवढ्यात मुळ्याची जुडी काखेत मारलेले एक आजोबा पुढे झाले. पोरीवर वाकून त्यांनी दम भरला, "ए, गप्प! रडणाऱ्या मुलांना पोलीस घेऊन जातात. बोलावू?"

नळ बंद करावा तसा आवाज थांबला. यूथोंग उठली. फ्रॉक झटकला, बाहीला नाक पुसलं, आणि केकवाल्यापुढे दोन्ही हात धरले. "पुरणाचा चालेल. माझं चुकलं."

"बघा," आजोबा सगळ्यांना म्हणाले, "एका शब्दात!"

पीयुनने त्या चेहऱ्याकडे पाहिलं. ओल्या फडक्याने पाटी पुसावी तसा तो कोरा झाला होता. दोन मुलं वाढवताना ती हजार गोष्टी बोलली होती. त्यातली एकही आता कामाची नव्हती.

"मला नाही चालणार," ती म्हणाली.

"काय?" केकवाला गोंधळला.

"पुरणाचा. मला नाही चालणार. मलासुद्धा कस्टर्डचाच पाहिजे!"

आणि देवळाच्या महिला मंडळाची अध्यक्ष, साठीची पीयुन केकच्या हातगाडीचा पाय धरून, आधी एक गुडघा मग दुसरा असं करत ओल्या फरशीवर बसली. नीट बसल्यावर तिने भोकाड पसरलं. "बोलवा पोलिसांना! बोलवा कुणाला बोलवायचं त्याला! मी उठणार नाही जा!"

आजोबा दोन पावलं मागे सरकले. काहीतरी पुटपुटले आणि मुळे सावरत चालते झाले. पोलीस कुणीच बोलावले नाहीत. मासेवाली तोंडावर हात ठेवून हसत होती.

यूथोंग एकटक बघत होती. पीयुनमावशी फरशीवर, मावशी ओरडतेय, आणि कुणी तिला मारत नाहीये.

हेल्मेट डोक्यावर तसंच, शिंपल्यांची पिशवी सांभाळत चिनफा गर्दीतून घुसला. त्याने पोरीकडे पाहिलं, मग बायकोकडे. "तू तर म्हणालीस पोरगी लोळतेय."

"ती उठली," पीयुन हुंदका देत म्हणाली. "म्हणून मी बसले."

चिनफाने तिच्याकडे जरा वेळ बघितलं. पोरीच्या पुढे धरलेल्या हातांकडे बघितलं. मग केकवाल्याकडे वळला. "दादा, कस्टर्डचा घाणा टाका. ही अशी उठायची नाही, माझा जन्म गेलाय या अनुभवात."

"टाकतो, टाकतो!" केकवाल्याने घाईघाईने साच्यात पीठ ओतलं. "पहिला कुणाला देऊ?"

यूथोंगने पसरलेले हात खाली घेतले. फ्रॉक सावरून ती हळूच मावशीला चिकटून फरशीवर बसली.

"मला," ती पुटपुटली.

आजूबाजूला बघितलं. काहीच झालं नाही. मग तिने छातीभर श्वास घेतला.

"पहिला मला! आणि मावशीला नंतर!"