सोलांजचा कागद

"भिंतीवरचा कागद तेवढा काढून द्या," चर्चच्या मंडळाची मादाम निकोलेत म्हणाली. "अख्ख्या मॉरिशसचे कागद शहरात जमा करायचेत."

एद्गारने पलंगामागच्या भिंतीतल्या खिळ्यातून कागद सोडवला. त्याच्या बायकोच्या, सोलांजच्या हातचा तो शेवटचा. चर्चच्या बायकांनी तिला थर्मामीटर दिलं होतं. रोज पहाटे उठायच्या आधी ती ते जिभेखाली धरायची, आकडा बघायची आणि कागदावर त्या दिवसाच्या चौकोनात ठिपका द्यायची. गर्भ राहण्याच्या धोक्याचे दिवस ती लाल रंगवायची. लाल दिवशी नवऱ्याने लांब राहायचं. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळत, पण फादर म्हणत ते पाप. चर्चला चालणारी रीत ही एवढीच.

पाचव्या बाळंतपणातच डॉक्टरने बजावलं होतं, सहावं तिला झेपणार नाही. सहावं आता सहा आठवड्यांचं होऊन थोरल्या मिरेयच्या खांद्यावर होतं. सोलांजला पुरूनही सहाच आठवडे झाले होते.

निकोलेतने चष्मा लावला आणि ठिपक्यांवरून बोट फिरवलं. "इथे कुठेतरी चुकली बिचारी. आकडा नीट वाचला नसेल."

"तिचं काही चुकलं नाही."

"अहो, होते चूक. रविवारी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेनंतर बाकीच्या बायकांना हा कागद दाखवणार आहे मी. त्या तरी जपतील." तिने पेन्सिल काढली. "रीत चोख आहे. माझंच बघा की. नऊ वर्षं हाच कागद, आणि मुलं तीनच."

"तुमचे यजमान पितात?"

"छे! थेंबसुद्धा नाही."

"मग कागदाचं काय कौतुक सांगता, मादाम?"

निकोलेतचे ओठ आवळले. कागदाच्या तळाशी दोन रकाने छापलेले होते. एक रीत फसल्याचा, दुसरा बायको चुकल्याचा. तिची पेन्सिल दुसऱ्यावर गेली.

"थांबा," एद्गार म्हणाला. मिरेय तिथेच उभी होती. तिला बाहेर जा म्हणावं असं त्याला वाटलं, पण तो म्हणाला नाही. "तो शनिवार लाल होता. मला ठाऊक होतं. मी पिऊन आलो होतो. तिने दोनदा नको म्हटलं. मग पोरं उठतील म्हणून गप्प राहिली."

बाळाला थोपटणारा मिरेयचा हात थांबला.

निकोलेतने चष्मा काढला, रुमालाने सावकाश पुसला, पुन्हा लावला. "म्हणजे तिने तुम्हाला नीट समजावलं नाही."

"समजलं होतं मला."

"तसं कसं लिहू हो? तिसरा रकानाच नाही इथे."

तिने दुसऱ्या रकान्यात खूण केली. एद्गारला वाचता येत नव्हतं. त्याने मिरेयला विचारलं, "काय केलं गं तिने?"

मिरेयने वाकून पाहिलं. "आईची चूक," ती म्हणाली. बापाकडे तिने पाहिलं नाही.

"आणि माझं?"

"तुमची खाली नुसती सही," निकोलेत म्हणाली. "मान्य आहे म्हणून." तिने पेन्सिल त्याच्या हातात दिली.

एद्गारला लिहिता येई ते फक्त स्वतःचं नाव. साखर कारखान्यात पगार घेण्यापुरतं शिकलेलं. त्याने कागद टेबलावर सरळ केला आणि लाल चौकोन बोटाने मोजत तो शनिवार शोधला. त्याच्या पुढे रविवारचा ठिपका होता. सोलांजने तोही दिला होता, रोजच्यासारखा, नेमक्या जागी.

शनिवारच्या चौकोनात त्याने नाव लिहायला घेतलं. अक्षरं मोठी होती, चौकोनात मावेनात. रविवारवर गेली, सोमवारवर गेली.

"खाली, अहो, खाली!" निकोलेत ओरडली. "कागद वाया गेला ना!"

एक अक्षर राहिलं होतं. एद्गारने पेन्सिल इतकी दाबली की कागद फाटला आणि ते टेबलाच्या लाकडावर उमटलं.