खारीला चटणी

"आज तुझी जिरवतेच बघ!" असं खारीला बजावून संयोगितानं परसात टांगलेल्या करवंटीत ज्वारी ओतली. दोन वर्षांनी परतलेली चिमण्यांची जोडी या खादाड खारीपायी रोज उपाशी उडून जायची.

पाखरांना तिखट लागत नाही, खारींना मात्र झोंबतं, असं विज्ञानाच्या बाईंनी सांगितलं होतं. मग काय! तिनं आईच्या बरणीतली वर्षभराची कांदा-लसूण चटणी मुठीमुठीनं ज्वारीला चोळली आणि दाराआड दबा धरून बसली.

खार आली. शिंकली. मग शेपटी उडवत तिनं करवंटी चाटूनपुसून साफ केली आणि चक्क आणखी दोघींना बोलावलं. चिमण्या तारेवरून नुसत्या बघत राहिल्या.

"अगं भवाने, त्यात भाजलेलं खोबरं घातलंय, तीळ घातलेत," मागून आई कडाडली. "आवडणारच की त्यांना! अर्धी बरणी संपवलीस?"

दुपारी तिच्या ताटात मिळमिळीत आमटी आली. "तुझ्या वाटणीची चटणी खारींनी खाल्ली. आता दिवाळीपर्यंत हेच."

संयोगितानं कसाबसा घोट गिळला, खिडकीतून खारीवर डोळे रोखले आणि गोड आवाजात विचारलं, "आई, आपल्याकडं नुसती लवंगी मिरची आहे का गं?"