ओडेलचा शब्द
लागोपाठ सहा सामने हरल्यावर मिसिसिपीतल्या एका कॉलेजनं फुटबॉलच्या मुख्य कोचला काढलं. करार मोडल्याची त्याला नव्वद लाख डॉलर भरपाई मिळाली. सहायक कोच ओडेल मात्र रिकाम्या हातानं बाहेर पडला आणि तडक संघातल्या एका खेळाडूच्या आईच्या, अर्नेस्टीनच्या घरी गेला. दोन वर्षांपूर्वी तिच्याच स्वयंपाकघरात तळलेला मासा खाताना त्यानं शब्द दिला होता, "पोराला डिग्री मिळेपर्यंत मी आहे." त्यावर विसंबून तिनं पोराला शिष्यवृत्ती देऊ करणाऱ्या दुसऱ्या कॉलेजांना नकार कळवला. पुढे मैदानावर पोराचा गुडघा मोडला. "नवा कोच त्याला ठेवणार नाही. शिष्यवृत्ती बंद," ओडेल म्हणाला. "तुम्ही भांडला नाहीत?" "मलाच काढलंय, ताई." अर्नेस्टीननं कोपऱ्यातल्या खोलीकडे बोट दाखवलं. "शब्द तुमचा होता. तुम्हीच सांगा त्याला." ओडेलनं टोपी काढून दार वाजवलं. आतून आवाज आला, "कोच? या! आज गुडघा पूर्ण वाकला!"