नव्वद अंशांवरचा संसार

पक्षाघाताने वाचा गेली तेव्हापासून आईच्या मनातलं घरचा कॉम्प्युटर बोलून दाखवायचा. फक्त एकेक वाक्य यायला चहा निवेपर्यंत वेळ लागायचा. आज आईबाबांच्या लग्नाचा वाढदिवस, म्हणून निनादने प्रोसेसरचा वेग आणि व्होल्टेज, दोन्ही बेताबेताने चढवली. वाक्यं झटपट येऊ लागली.

“लग्नात तुमच्या काकांनी...”

“काका नव्हे, मामा! आणि जिलबी संपली होती,” बाबा खुशीत म्हणाले.

“संपली नव्हती, मी...”

“अगं, तुला नाही आठवत. ऐक.”

प्रोसेसरचं तापमान नव्वद अंशांच्या वर गेलं. आईचं मन ओळखायला या प्रोसेसरला वर्ष लागलं होतं. तो जळला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. पण बाबांचा खुललेला चेहरा पाहून वेग उतरवायला निनाद धजेना.

“कमी कर रे,” आई म्हणाली.

“चिप सांभाळतोय मी, तू बोल.”

“चिपचं नाही रे. वाट पाहावी लागली, की हे माझं ऐकतात.”

निनादने वेग आणि व्होल्टेज, दोन्ही उतरवली. पंख्याची घरघर थांबली.

बाबांनी बोलायला तोंड उघडलं, मिटलं. मग खुर्ची स्पीकरजवळ ओढली.

“जिलबीचं काय झालं होतं?” त्यांनी विचारलं आणि ते वाट पाहत बसले.