डावीकडची गाठ

मालकीणबाई गाडीत बसल्याच नाहीत. त्यांनी दार उघडायला लावलं, वाकल्या आणि थेट सीटखाली हात घातला.

"आई, आत बस ना. गाडी बसून बघतात," मुलगा म्हणाला.

"बसायला काय, दगडावरही बसता येतं. आधी खालून बघू दे."

शोरूममधला विक्रेता नुसता हसला. एवढी महागाची विजेची गाडी, वर अख्खं काचेचं छप्पर, आणि या बाई सीटखाली चाचपडताहेत. त्याला काय ठाऊक, बाईंनी पस्तीस वर्षं सोफे आणि खुर्च्या शिवून कारखाना उभा केला होता. शाळा चौथीत सुटली, पण शिवणीवरून बोट फिरवलं की शिवणाऱ्याचं लक्ष कामात होतं का घड्याळात, ते त्या सांगत.

महिनाभर घरात या गाडीवरून घोळ चालला होता. हौस मुलाची, पैसे बाईंचे. "चार वर्षांची कंपनी," बाई म्हणत. "माझी कात्री हिच्यापेक्षा म्हातारी आहे. उद्या यांनी गाशा गुंडाळला तर काय कोंबड्या पाळू हिच्यात?" आजही त्या नाही म्हणायच्या तयारीनेच आल्या होत्या. त्यासाठी एक खोट तेवढी हवी होती. नवख्यांची खोट वर दिसत नाही, खाली सापडते, हा त्यांचा अनुभव.

बोट शिवणीवरून सरकत कोपऱ्यापर्यंत गेलं आणि तिथेच थांबलं. कोपऱ्यात एक गाठ होती. दोरा दोनदा मागे घेतलेला, उरलेलं टोक शिवणीच्या पोटात ढकललेलं. गाठ मारायची ही रीत बाईंची स्वतःची होती, कुणाकडून शिकलेली नव्हे. फक्त त्यांची गाठ उजवीकडे पडायची. ही डावीकडे पडली होती.

बाई वाकलेल्याच राहिल्या.

डावीकडे गाठ पाडणारं एकच माणूस त्यांना माहीत होतं. त्यांची थोरली लेक. ती डावखुरी. आईसमोर बसून शिकली, म्हणून तिचं सगळं आरशातल्यासारखं. सहा वर्षांपूर्वी बाईंनी सगळ्या कारागिरांदेखत तिला बारा खुर्च्या उसवायला लावल्या होत्या. खुर्च्यांत काही वाईट नव्हतं. पण त्या आठवड्यात कारागीर प्रत्येक गोष्ट आधी तिला विचारायला लागले होते, आणि ते बाईंना सोसलं नाही. "उलट्या हाताची उलटी गाठ माझ्या मालावर चालायची नाही," एवढंच त्या म्हणाल्या. पोरीने बाराच्या बारा खुर्च्या उसवल्या, सुरी पुसून जागच्या जागी ठेवली आणि घर सोडून गेली. त्यानंतर तिचा फोन आला नाही. बाईंनीही केला नाही. रोज एकदा हात फोनकडे जायचा आणि तसाच माघारी यायचा. आईने कसं नमतं घ्यायचं?

"कंबर धरली का?" मुलाने विचारलं.

"कंबर धडधाकट आहे. तू गप्प उभा राहा." बाई सावकाश सरळ झाल्या आणि विक्रेत्याकडे वळल्या. "सीटा कोण शिवतं हो तुमच्याकडे?"

"मशीनवर शिवतात, बाई. पण शेवटची गाठ हातानेच. आमच्या सीट विभागाच्या मॅडमनी ती पद्धत बसवलीय. पन्नास माणसं आता तशीच गाठ मारतात."

"सगळी? डावीकडे?"

विक्रेता गोंधळला. "ते बघितलं नाही कधी. पण तुटत नाही एवढं खरं."

बाईंनी पदराने बोटं पुसली. बोटांना धूळ लागलेली नव्हती.

"आणि बिघडलं काही, तर येतं कोण?"

आता मुलाने मान खाली घातली. हा प्रश्न अडचणीचा होता. नव्या कंपनीची गावोगाव दुरुस्तीची दुकानं कुठून असणार?

"खरं सांगू का," विक्रेता म्हणाला, "आम्ही अजून लहान आहोत. पहिलं वर्ष, ज्या विभागाचं काम बिघडलं त्याचा प्रमुख स्वतः घरी येतो. बॅटरी असेल तर बॅटरीवाले साहेब, सीट असेल तर मॅडम. पण सीटची काळजीच नको. आजवर एकही तक्रार नाही."

"एकही नाही?"

"एकही नाही."

हे ऐकून गिऱ्हाईक खूश होतं. बाईंचा चेहरा मात्र पडला. त्या पुन्हा सीटकडे बघत राहिल्या.

"घेऊ या," त्या म्हणाल्या.

मुलाला आधी ऐकूच आलं नाही. मग तो म्हणाला, "अगं, बॅटरीचं विचारणार होतीस ना? सकाळपासून घोकत होतीस."

"बॅटरीतलं मला काय कळतंय? सीट कळते. सही कुठे करायची, ते बोला."

पंधरा दिवसांनी गाडी दारात आली. मुलाने सगळ्या गल्लीला फिरवून आणलं. चौथ्या दिवशी सकाळी तो आंघोळीला गेला, तशा बाई किल्ली घेऊन खाली उतरल्या. मागच्या सीटवर बसल्या. कमरेची पिशवी उघडून टाके उसवायची सुरी काढली. तीच सुरी, सहा वर्षांपूर्वी पुसून ठेवलेली.

शिवण सहजी उसवेना. सुरी दोनदा घसरली. तिसऱ्या वेळी एक टाका सुटला, मग हळूहळू वीतभर शिवण. घाम पुसताना बाईंना हसू आलं. गाठीपाशी आल्यावर त्यांनी हात आवरला. गाठीला सुरी लावली नाही.

मग त्यांनी कंपनीला फोन लावला.

"गाडीतली शिवण उसवलीय. माणूस पाठवू नका. तुमच्या मॅडमनाच पाठवा."

"हो बाई. तक्रार काय लिहून घेऊ?" पलीकडून विचारलं.

बाईंनी गाठीवरून बोट फिरवलं.

"लिहा, गाठीत काहीच खोट नाही. तरीपण यावं लागेल म्हणावं."